तीन दिवसांनंतरची गोष्ट

आमच्या मुलखात बेचाळीसची गोष्ट निघाली, की पुरुष एक सांगतात आणि बायका दुसरीच. पुरुषांची गोष्ट नागपंचमीला सुरू होऊन तीन दिवसांत संपते. बायकांची त्यानंतर सुरू होते, आणि ती संपली असं कोणी म्हणत नाही. मुलूख म्हणजे चिमूर. आज चंद्रपूर जिल्ह्यात. तेव्हा जिल्ह्याचं नाव चांदा होतं आणि तो मध्य प्रांतात मोडायचा. माझं आजोळ चिमूरच्या जवळचं, पावसाळ्यात बंडी हमखास रुतायची अशा वाटेवरचं.

आबाजी, म्हणजे आईचे वडील, तेव्हा ऐन विशीत होते. त्यांच्या तोंडून ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती, की ते कुठल्या वाक्याला थांबून अडकित्ता उचलतील हेही आम्हा नातवंडांना ठाऊक असे. १४ जुलै १९४२ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी इथून निघून जावं असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँक मैदानावर त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गांधीजींसकट सगळे पुढारी सरकारनं उचलले. आता काय करायचं नि काय नाही, हे सांगणारं बाहेर कोणी उरलं नाही. आमच्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी मात्र घुमत होती आणि तिच्या तालावर पोरं पेटली होती. महाराजांनाही २८ ऑगस्टला चांद्यात पकडलं, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

१६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मिरवणूक निघाली. पोलिसांच्या लाठ्या चालल्या, मग गोळ्या. बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा गेला. त्यानंतर जमाव कोणाचा राहिला नाही. डाक बंगला पेटवला गेला. एसडीओ डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे आणि त्यांच्या बरोबरचे लोक मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही पोलीस ठाण्यापुढे असंच घडलं: गोळीबारात गावकरी पडले, जमावाच्या हातून पोलीस. चिमूरकरांनी मग झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकली, पूल मोडले. ‘‘तीन दिवस चिमूर स्वतंत्र होतं बाबू, दिल्लीच्या पाच वर्षं आधी,’’ एवढं म्हणून आबाजी अडकित्ता उचलायचे. पुढे सुपारीच.

मारले गेलेले अधिकारी देशी होते, हे आबाजींच्या गोष्टीत कधी येत नसे. ते मी मोठेपणी वाचलं. आबाजी खोटं सांगत नसत, एवढंच की ते तेवढं सांगत नसत.

आजीची गोष्ट आबाजी घरात नसताना निघायची, तीही लाखोळी निवडताना किंवा असंच काही हाताला काम असताना. नुसतं बसून ती हे कधी बोलली नाही. त्या वर्षी ती नागपंचमीसाठी चिमूरला मामाकडे गेलेली, आठ-दहा वर्षांची पोर. १९ तारखेला लष्कर आलं. ‘‘गोरे आले तवा मी तुह्याएवढी होती. माह्या मायनं मले कोठ्यात नेलं, कोपऱ्यात बसवलं अन् वरून कुटार टाकलं. म्हणे, खोकलीस तं मेलीस.’’ कोठ्यात गाय होती, आणि गाय शांत उभी राहिली म्हणून आपण वाचलो, असं ती शेवटपर्यंत मानत होती. गावातले पुरुष एक तर पकडले गेले होते, नाहीतर जंगलात पळाले होते. घरोघर बायका आणि म्हातारी माणसं. पुढचे दोन दिवस काय झालं, हे ती ‘‘बायायचे लय हाल केले’’ एवढ्याच शब्दांत सांगायची. कोणाच्या घरी, ते नाही. एकदा माझ्या मावसभावानं एका घराचं नाव घेऊन विचारलं, तर तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, ‘‘नाव कोनाचंच घ्याचं नाई.’’ गावातल्या सगळ्याच बायकांनी हा नियम पाळला. त्यामुळे गावाला सगळं माहीत होतं आणि कोणालाच काही माहीत नव्हतं.

पण गप्प बसल्या त्या गावापुरत्या. विचारायला कोणी आलं तेव्हा त्या बोलल्या. नागपूरहून रमाबाई तांबे यांच्या पुढाकारानं बायकांचं पथक चिमूरला आलं आणि त्यांच्यापुढे बलात्कार झालेल्या बायकांनी आपल्या तोंडानं सांगितलं. १९४२ साली, खेड्यातल्या बायकांनी. हिंदू महासभेचे डॉ. मुंजेही जाऊन आले. गांधीजींचं आणि मुंज्यांचं कधी जमलं नाही, पण चिमुरात काय झालं ते मुंज्यांनाही दडवता येईना. सरकारचं उत्तर ठरलेलं होतं: आरोप निराधार आहेत, सैनिकांच्या बदनामीसाठी रचलेले आहेत, चौकशीची गरज नाही. शिवाय गावावर सामुदायिक दंड बसवला तो वेगळाच.

आजीच्या सांगण्यात एक म्हातारी यायची. सैनिक गावात असतानाच ही बाई थेट मोठ्या साहेबापुढे जाऊन उभी राहिली आणि हे थांबवा म्हणाली. साहेबानं तिला विचारलं, तुमच्या माणसांनी काय केलं ते आठवतं का? आजी हे वाक्य साहेबाच्या आवाजात म्हणायची, नाकातून. म्हातारीनं यावर काय उत्तर दिलं, ते आजीलाही माहीत नव्हतं. ‘तुमच्या माणसांनी काय केलं होतं?’ हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो पुढेही सारखा भेटत राहिला: चहाच्या टपरीवर, दूरदर्शनच्या चर्चेत, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात.

आता गोष्टीत एक असा माणूस येतो, ज्याचा चिमूरशी काडीचा संबंध नव्हता. जयकृष्ण प्रभुदास भन्साळी. गुजराती, कॉलेजात शिकवलेले म्हणून प्रोफेसर भन्साळी. साबरमतीला गांधीजींकडे आले, मग ते सोडून हिमालयाकडे गेले. बारा वर्षांचं मौन घेतलं, आणि ते चुकून मोडू नये म्हणून ओठ तारेनं शिवून घेतले. कच्चं पीठ आणि कडुनिंबाचा पाला खाऊन देश पायी पालथा घातला. अशा अघोरी तपाचा गांधीजींना काही उपयोग दिसेना. त्यांनी या माणसाला समजावून सेवाग्रामला आणलं, सूत कातायला आणि शिकवायला बसवलं. माझे एक चुलत आजोबा सेवाग्रामच्या गोशाळेत कामाला होते. ते सांगायचे, की आश्रमात येणाऱ्या मोठमोठ्यांना आम्ही भीत नव्हतो, भन्साळींना भ्यायचो. हा माणूस बोलला ते करणारच, मग मध्ये देव आला तरी. असल्या माणसाबरोबर रोजचा संसार करणं कठीण, हे मला चुलत आजोबांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं.

चिमूरची बातमी सेवाग्रामला पोचली तेव्हा गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. चिमूर पेटण्याच्या आदल्याच दिवशी तिथे त्यांचे सचिव महादेवभाई वारले होते. भन्साळींनी कोणाला विचारलं नाही. ते दिल्लीला गेले आणि बापूजी अण्यांच्या दारात बसले. लोकनायक अणे आपल्याच वऱ्हाडातले, यवतमाळचे, टिळकांच्या तालमीत वाढलेले आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. भन्साळींचं मागणं एवढंच होतं, की तुम्ही चिमूरला चला, बायकांचं ऐका आणि निष्पक्ष चौकशी करवून घ्या. अण्यांना ते जमलं नाही. सरकारनं भन्साळींना पकडून सेवाग्रामला आणून सोडलं. उपोषण धरून ते चिमूरच्या वाटेला लागले, साठेक मैल, पायी. परत पकडलं, परत आणून सोडलं. काही दिवस तर त्यांनी पाणीसुद्धा सोडलं होतं. चुलत आजोबांच्या तोंडी हे सगळं एका वाक्यात यायचं: ‘‘सरकार दमलं, मानूस नाई दमला.’’

यावर सरकारनं केलं काय, तर बातम्या बंद केल्या. चिमूरविषयी आणि भन्साळींच्या उपोषणाविषयी वर्तमानपत्रांनी छापायचं नाही असा हुकूम निघाला. त्याच्या निषेधात ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरच्या वर्तमानपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. एका खेड्यातल्या बायकांची बातमी छापू देत नाहीत म्हणून देशातल्या संपादकांनी छापखाने थांबवले, हे आज वाचताना मला तरी दोनदा वाचावं लागतं.

आगाखान पॅलेसमधून गांधीजींनी भन्साळींशी संपर्क करू द्या अशी मागणी केली. सरकार म्हणालं, उपोषण सोड असं सांगणार असाल तर देतो. गांधीजींनी कळवलं, की त्यांचं कारण न्याय्य असेल तर मी त्यांना थांबवणार नाही. मग संपर्क राहिलाच.

उपोषण ६३ दिवस चाललं. शेवटी कन्हैयालाल मुन्शी आणि नागपूरचे डॉ. ना. भा. खरे मध्ये पडले. हे खरेही गांधीजींशी भांडून काँग्रेसबाहेर गेलेले. १२ जानेवारी १९४३ला भन्साळींनी उपोषण सोडलं. सरकारनं पत्रक काढलं, बातम्यांवरची बंदी उठवली. सार्वजनिक चौकशी मात्र झाली नाही. हिशेबी माणूस म्हणेल, ६३ दिवस उपाशी राहून मिळालं काय? एक पत्रक. पण आजीचा हिशेब निराळा होता. ‘‘आमचं खरं हाय, असं परक्या मानसानं म्हटलं,’’ एवढं ती म्हणायची आणि तिच्या लेखी तेवढं पुष्कळ होतं. महिन्याभरानं गांधीजींनीच एकवीस दिवसांचं उपोषण मांडलं, तेव्हा अण्यांनीही कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला.

इथपर्यंतची गोष्ट मी शाळेच्या पोरांना कधीमधी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी चुणचुणीत पोरगा विचारतो: ‘‘सर, चिमूरच्या लोकांनी तर खून केले होते. मग अहिंसावाल्यानं त्यांच्यासाठी उपोषण कसं केलं?’’ गाठ नेमकी इथेच आहे. अहिंसेला मानणारा माणूस हिंसा केलेल्या गावासाठी जीव पणाला लावतो, हे वरवर पाहता विसंगत वाटतं. सरकारनं तर हीच विसंगती हत्यारासारखी वापरली. व्हाइसरॉय लिनलिथगो गांधीजींना पत्रांतून सारखं म्हणत होता, की आधी या हिंसेचा निषेध करा. गांधीजींनी हिंसेचं समर्थन केलं नाही. पण तुरुंगात बसून, एकाच बाजूचं ऐकून निवाडा द्यायलाही ते तयार झाले नाहीत. सरकारनं लोकांना वेड लागेपर्यंत डिवचलं, हे त्यांनी उलट सुनावलं. आणि १९४५ साली आष्टी-चिमूरच्या कैद्यांच्या फाशा थांबवण्यासाठी जाहीर आवाहनही केलं. नागपूरच्या अनसूयाबाई काळ्यांनी त्या कैद्यांसाठी जिवाचं रान केलं आणि फाशीची जन्मठेप झाली.

भन्साळींनी त्या म्हातारीला विचारलं नाही, की तुझ्या पोरानं डाक बंगला पेटवला होता का. पेटवला असेल तर त्याच्यावर खटला चालेल. आणि खटले चाललेच. पण त्याचा जाब त्याच्या बहिणीच्या अंगावर मागता येणार नाही. साहेबाचा प्रश्न आणि भन्साळींचं उपोषण यांत फरक आहे तो एवढाच, आणि माझ्या मते गांधीविचारातलं आज सगळ्यात जास्त लागणारं हेच आहे. चरखा, प्रार्थना, ब्रह्मचर्य यांवर मी वाद घालायला बसणार नाही. त्यातलं बरंच मला पटतही नाही. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो आधी निष्कलंक आहे का, हे तपासून मग त्याच्यासाठी उभं राहायचं की नाही ते ठरवणं, हे आपलं आजचं वळण आहे. कुठे काही घडलं की आपण आधी आडनाव बघतो. मग त्याच्या बाजूच्यांनी पूर्वी काय केलं होतं याची यादी येते. ती यादी खरीही असते बहुतेकदा. साहेब म्हणाला तेही खरंच होतं.

१३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं बुलडोझरच्या कारवायांबद्दल निकाल दिला. घरातला एक जण आरोपी आहे म्हणून प्रशासनाला सगळ्या कुटुंबाचं छप्पर पाडता येणार नाही, ती सामुदायिक शिक्षा होईल, असं त्यात म्हटलं आहे. निकाल देणाऱ्या पीठावर आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. मला तो वाचताना चिमूरच्या सामुदायिक दंडाची आठवण झाली. पण हा निकाल आमच्या व्हॉट्सॲप गटात आला तेव्हा त्याखालचा पहिला प्रश्न तोच होता, साहेबाचा.

उपोषणावरही दोन शब्द बोलायला हवेत, कारण आता उपोषण म्हटलं की मांडव, सतरंजी आणि मागण्यांचं निवेदन डोळ्यांपुढे येतं. मी त्याची टिंगल करत नाही. गरिबाजवळ दुसरं असतं काय? पण उपोषण हे दडपण आहे, हे लपवू नये. नागपूरच्या कुठल्याही चर्चेत हा विषय निघाला की कोणीतरी १९३२चं येरवडा काढतं, आणि बरोबर काढतं. गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली डॉ. आंबेडकरांना पुणे कराराला मान्यता द्यावी लागली, आणि ज्यांच्यावर दडपण आलं ते समाजातले सगळ्यात दुबळे होते. गांधीजींबद्दल कितीही आदर असला तरी हा हिशेब मिटत नाही. भन्साळींच्या उपोषणाचं तोंड वरच्या बाजूला होतं: लष्कराकडे, व्हाइसरॉयकडे आणि मंत्री झालेल्या आपल्याच माणसाकडे. त्यांनी स्वतःसाठी, स्वतःच्या जातीसाठी, भाषेसाठी काही मागितलं नाही. पैसा मागितला नाही, कोणाला फासावर द्या असंही म्हटलं नाही. काय झालं ते शोधा, एवढंच.

असं वर तोंड असलेलं उपोषण पुढेही कोणीतरी केलं. मणिपूरमध्ये मालोम इथे २ नोव्हेंबर २०००ला आसाम रायफल्सच्या गोळीबारात बसथांब्यावर उभी असलेली दहा माणसं मेली. लष्कराला विशेष अधिकार देणारा कायदा रद्द करा म्हणून इरोम शर्मिला उपोषणाला बसली, ती ९ ऑगस्ट २०१६पर्यंत. सोळा वर्षं तिला नाकातल्या नळीनं जेवू घालून सरकारनं जिवंत ठेवलं. तो कायदा काही तिच्या उपोषणानं गेला नाही, आणि निवडणुकीला उभी राहिली तेव्हा तिला शंभर मतंही पडली नाहीत. अहिंसेचा पराभव म्हणून हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जातं, आणि मी ते खाली ठेवून देत नाही. पराभव आहेच. चिमुरातही चौकशी झाली नव्हती. पण मालोमची ती माणसं आपल्याला माहीत आहेत ती कोणामुळे, हाही प्रश्न त्याच उदाहरणात आहे.

भन्साळी पुढे नागपूरजवळच्या टाकळीत राहिले आणि १९८२ साली वारले. गावाला आता टाकळी भन्साळी म्हणतात. आबाजींनी आयुष्यभर त्यांचं नाव घेतलं नाही. आजीनं मात्र घरात गांधीजींचा फोटो लावला नव्हता, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, आपल्या कामी आला तो दुसरा होता. मला यात गांधीजींचा अपमान दिसत नाही. ते आत कैदेत असताना, त्यांना न विचारता, त्यांचं काम बाहेर दुसऱ्यानं केलं, यापेक्षा त्यांना आणखी काय हवं होतं?

१६ ऑगस्टला चिमूरला हुतात्म्यांना मानवंदना असते. जाता आलं तर जा; बालाजी रायपूरकरचं वय मनात ठेवून जा. बेचाळीस साली आठ-दहा वर्षांच्या असलेल्या पोरी आज नव्वदी पार करून बसल्या आहेत, आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्यांच्या लेकीसुनांनी ऐकलेलं अजून पुष्कळ शिल्लक आहे. चिमूर, आष्टी किंवा तुमच्या जिल्ह्यातलं बेचाळीसचं जे कुठलं गाव असेल, तिथल्या बायकांशी बोला आणि लिहून ठेवा. नाव कोणाचं घालू नका. सुरुवात मात्र १९ ऑगस्टपासून करा.